त्यांची यादी नसते

ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार. चंदीगड. नववी-ब, दुसरा तास.

हजर: एक्केचाळीस मुलं. वर्गशिक्षिका. खिडकीपाशी दुसऱ्या रांगेत माझी मुलगी श्रावणी. शेवटच्या बाकावर मी, वय सेहेचाळीस.

गैरहजर कुणी नाही. या शाळेत सहसा कुणी गैरहजर राहत नाही.

शिक्षिकेच्या हातात बोर्डाच्या नोंदणीचे कागद होते. नववीत ही नोंदणी होते. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, प्रवर्ग. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि हजेरी घ्यावी इतक्या सहज म्हणाल्या, "एस.सी. वाले सारे खड़े हो जाओ. जल्दी. सर्टिफ़िकेट चेक करने हैं."

सहा मुलं उभी राहिली. एक मुलगी उठता उठता बुटाची नाडी बांधायला वाकली ती वाकलेलीच राहिली.

"मेरी लिस्ट में सात हैं. सातवाँ कौन है?"

सातवं कोण ते त्यांना माहीत होतं. वर्गालाही माहीत होतं. सगळ्या माना श्रावणीकडे वळल्या. श्रावणी बसून होती. दोन्ही हात बाकावर, पाठ ताठ, नजर फळ्यावर.

शिक्षिकेने तिला काही म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

आणि मी उभी राहिले.

ठरवून नाही. गुडघे आपोआप सरळ झाले. हात बाजूला, मान खाली. मुलांच्या बाकातून उठताना माझी पर्स पडली. चाव्या, पेन, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, सगळं फरशीवर. कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले.

"लो जी," शिक्षिका म्हणाल्या. "मम्मी को पता है. बेटी को ही नहीं पता."

मी त्या बाकावर का होते, ते सांगायला हवं.

शाळेची पद्धत आहे. मुलाच्या डायरीत तीन लाल शेरे पडले की आईने किंवा वडिलांनी एक पूर्ण दिवस वर्गात, शेवटच्या बाकावर बसायचं. मूल कसं वागतं ते डोळ्यांनी बघायचं. पालक आपसात त्याला 'बेंच ड्यूटी' म्हणतात आणि हसतात. कोठीवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या बंगलेवाल्यांच्या, घरून कुणी येत नाही. ते फोन करतात, आणि त्यांचं फोनवर भागतं. बाकावर येतो तो आमच्यासारखा, रजा टाकून.

श्रावणीचे तिन्ही शेरे एकच होते. 'आज्ञा का पालन नहीं करती.' तीन आठवडे, दर मंगळवारी एक.

कुठली आज्ञा, ते मी विचारलं नाही. हेही इथे लिहून ठेवते. मी विचारलं नाही. मोबाईल काढून घेतला. डान्सचा क्लास बंद केला. वही पुढे टाकली आणि 'मैं आज्ञा का पालन करूँगी' शंभर वेळा लिहायला लावलं. तिने लिहिलं. एक ओळ गाळली नाही. सोमवारी मी इस्त्रीची साडी काढून ठेवली तेव्हा एवढंच म्हणाली, "मम्मी, प्लीज़ मत आना."

मला वाटलं, लाज वाटतेय. वाटू दे. सुधारेल.

शाळा मीच निवडली होती. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची नागपूरहून इथल्या केंद्र सरकारच्या ऑफिसात बदली झाली. मी कागदावर सहा शाळांचा तक्ता केला. एका शाळेत मुलं जमिनीवर गोल बसून बोलत होती. तिच्यावर मी त्याच दिवशी काट मारली. इथे मात्र मुलं रांगेत होती. बुटांना पॉलिश, वह्यांना समास, जिन्यात डावीकडून चालणं. पालकांच्या पहिल्या सभेत प्रिन्सिपल म्हणाले, "हम बच्चे को पहले बैठना सिखाते हैं, फिर खड़ा होना, फिर पढ़ना." सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

कारण मी अशाच शाळेतून वर आले असं मला वाटत होतं.

आम्ही मातंग. गाव परभणी जिल्ह्यात. तिथे गुरुजी दरवर्षी फीच्या सवलतीसाठी नावं घ्यायचे. "सवलतवाले, उभे राहा." आमच्या वस्तीतली पाच पोरं उभी राहायची. सगळ्यांत आधी मी. गुरुजी म्हणायचे, "हिच्याकडून शिका रे. सांगितलं की उठते." मला ते बक्षीस वाटायचं. एकदा घरी जाऊन आईला सांगितलं. आई काहीच बोलली नाही. मला राग आला होता तिचा. कौतुक नाही म्हणून.

तर त्या मंगळवारी मी उठले, ती तशीच उठले. हात बाजूला, मान खाली. सेहेचाळीस वर्षांची बाई, आणि आतली ती पोर अजून पहिला नंबर काढत होती.

मान खाली होती म्हणून आधी फरशीवरच्या गोळ्या दिसल्या. मग मान वर केली. श्रावणी वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर लाज नव्हती. राग नव्हता. भरवशाचं माणूस ऐन वेळी दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहिलं की आपण जसे बघतो, तशी ती बघत होती.

"आप बैठ जाइए अब," शिक्षिका म्हणाल्या. "फ़ॉर्म में आपका सब कम्प्लीट है."

माझे कागद पूर्ण होते. असतातच. जातीच्या दाखल्याच्या दोन प्रती, दोन्ही साक्षांकित, मीच लावलेल्या.

मी बसले नाही.

"मॅम," मी म्हटलं, "अब जनरल वालों को भी खड़ा कीजिए."

"जी?"

"उनके भी कागज़ होंगे. उनकी लिस्ट पढ़िए."

त्या हसल्या. त्यांना मी खरंच अडाणी वाटले असेन. "उनकी लिस्ट नहीं होती, मैम. वो तो नॉर्मल बच्चे हैं."

मी आयटी पार्कमधल्या एका कंपनीत प्रशासन बघते. कॅबची यादी, आयकार्डांची यादी, कोण कुठे बसणार त्याची यादी. माझ्या कामात यादीबाहेर कुणी नसतं, मालकसुद्धा नाही. त्या क्षणी कळलं की इथे यादी फक्त ज्यांना उभं करायचं असतं त्यांची होते. बाकीचे बसून बघतात. आणि हे पुस्तकातल्या कुठल्याच धड्यात नसतं, तरी पूर्ण वर्ग ते शिकून पास होतो. मीही झाले होते.

"मग ही सहा मुलंही बसतील," मी म्हटलं. घाईत मराठीच तोंडातून आलं. पुन्हा हिंदीत म्हटलं. मुलांकडे वळून म्हटलं, "बेटा, बैठ जाओ."

कुणी बसलं नाही. सहाही जणांनी शिक्षिकेकडे पाहिलं.

तास संपायच्या आत मी प्रिन्सिपलच्या खोलीत होते. ते शांतपणे बोलतात. पाणी मागवलं. मग म्हणाले, "मैडम, आप पढ़ी-लिखी हैं. ये सरकारी कॉलम है, हमने तो नहीं बनाया."

"कॉलम काग़ज़ पर है, सर. क्लास में खड़ा आप करते हैं."

"डिसिप्लिन में सवाल नहीं होता."

त्यांनी खणातून छापील कागद काढला. मजकूर तयार होता. 'मी वर्गाच्या कामात अडथळा आणला. मला खेद आहे. माझी पाल्य यापुढे आज्ञा पाळेल.' खाली सहीची जागा. असा कागद खणात तयार असतो, म्हणजे माझ्याआधी कितीजणांनी सही केली असेल. सोमवारपर्यंत सही करून द्यायची. नाहीतर मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जायचा. बोर्डाची नोंदणी पुढच्या आठवड्यात बंद होते. दुसरीकडे प्रवेश झाला नाही तर वर्ष जाणार.

शाळा सुटल्यावर स्कूटीवर श्रावणी मागे बसली. तिसऱ्या सिग्नलला माझ्या पाठीशी म्हणाली, "तुम खड़ी क्यों हुई? मैं तीन हफ़्ते से, हर मंगलवार, बैठी हुई थी."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. मला गाडी पुढे नेता येईना.

बुधवारी मी नऊ शाळांना फोन केले. एक ते नऊ, नंबर घालून. नवव्या वेळी 'सीट नहीं है जी' ऐकलं तेव्हा ऑफिसच्या जिन्यात बसले. मोहालीत एका ठिकाणी म्हणाले, आधीच्या शाळेचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणा. ते पत्र कोण देणार?

नवऱ्याने तो छापील कागद वाचला, घडी घातली. "दोन ओळी आहेत गं. कर सही. संपलं."

"आणि मुलगी?"

"मुलीसाठीच म्हणतोय. मी ऑफिसात काय काय ऐकतो, तुला कधी सांगितलंय? गिळतो आणि फाईल पुढे सरकवतो. म्हणून हे क्वार्टर आहे, म्हणून ही शाळा आहे." मग आवाज उतरला. "तिचं वर्ष जाईल. ते तू भरून देणारेस का?"

मी कागद त्याच्या हातातून परत घेतला.

गुरुवारी मी श्रावणीसमोर तो कागद ठेवला. पहिल्यांदा तिला विचारलं. आजवर तिच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट मी ठरवून तिला कळवत आले. तिने कागद पूर्ण वाचला. म्हणाली, "साल मेरा जाएगा ना?"

"हो."

"तो मैं बोल रही हूँ. साइन मत करना." आणि मग मराठीत, अडखळत, "मला भीती वाटते. पण नको करू."

मी तिला जवळ घेतलं नाही. माझ्या हातांना तेवढा हक्क राहिला नव्हता. दुसरा कोरा कागद घेतला आणि शाळेला अर्ज लिहिला. कुठल्याही मुलाला जातीवरून वर्गात उभं करू नये. दाखले पालकांकडून बंद पाकिटात घ्यावेत. तिन्ही लाल शेरे खोडावेत. खाली सात घरांसाठी सात रेघा. पहिल्या रेघेवर माझी सही.

शुक्रवारी संध्याकाळी पहिलं घर. आई नर्स आहे, ड्यूटीवर निघाली होती. दारात उभ्या उभ्या तीनदा वाचलं. म्हणाली, "मेरी बेटी उस दिन से जूते के फ़ीते बहुत बाँधती है." सही केली, पेन परत दिलं आणि बससाठी पळाली.

दुसरं घर सेक्टर बावीसमध्ये. खाली शिलाईचं दुकान, वर भाड्याची खोली. मुलाचे वडील मापं घेत होते. अर्ज वाचून त्यांनी तो दोन्ही हातांनी परत केला. "भैणजी, तुसी तां बदली ते चले जाणा. साड्डे मुंडे ने एत्थे ही पढ़ना है."

खरं होतं. आमची बदली येईल, सामान ट्रकवर चढेल. यांचं दुकान इथेच राहणार, मुलगा याच शाळेत शिकणार. मी म्हटलं, बदली आली तरी हे मिटेपर्यंत मी इथून हलणार नाही, नवरा पुढे जाईल. त्यांनी टेप गळ्यात टाकली. "देखांगे," म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, पण सहीही केली नाही.

आज शनिवार. चार घरी अजून गेलेच नाही. दोघांचे पत्तेही नाहीत. शाळा देणार नाही, ते श्रावणी मुलांना विचारून आणणार आहे.

सोमवारी साडेआठला मी त्या खोलीत जाणार. छापील कागद कोराच परत देईन. हातात सात सह्या असतील किंवा दोन असतील. दाखला द्यायचा तर त्यांनी त्यावर कारण लिहून द्यायचं, त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीने. ते घेतल्याशिवाय उठणार नाही. ते घेऊन पुढे कुठे जायचं, त्या कार्यालयांची नावं काढून ठेवली आहेत.

पाच सह्या बाकी आहेत. उद्या दुकान उघडायच्या आत सेक्टर बावीसला परत जायचं आहे.