चॅम्पियनच्या हातून पाटीपूजन

टीव्हीवर बास्केटबॉलचा कोच दिसला की आमचे सासरे खुर्चीतून उठून उभे राहायचे. खोटं वाटेल, पण देवाशपथ खरं आहे. अमरावतीच्या शाळेत सगळा जन्म हेडमास्तरकीत घालवलेला माणूस. ऐंशीच्या दशकात निवृत्त होऊन आमच्याकडे आले, अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात, आणि पहिल्याच हिवाळ्यात बास्केटबॉलच्या नादी लागले. करणार काय बिचारे! बाहेर गुडघाभर बर्फ, आमचे हे दिवसभर लॅबमध्ये, मी दुपारपर्यंत कामावर. घरात चार वर्षांची नात आणि टीव्ही. "अगं, कबड्डीच आहे ही, फक्त चेंडू जास्तीचा," असं त्यांनी मला समजावलं होतं. मला ते अजून पटलेलं नाही.

खेळापेक्षा त्यांना कोचचं वेड जास्त. मॅच संपली की कोच मुलाखत द्यायचा आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माझी पोरं आधी विद्यार्थी आहेत, मग खेळाडू." ते ऐकलं की बाबा उभे. "याला म्हणतात गुरुजी! आपल्याकडचे शिका म्हणावं काहीतरी." मी म्हणायचे, "बाबा, बसा आधी, चहा सांडेल." ते चहा सांडायचेच, आणि पुसायचे मी.

त्या वर्षी आमच्या युनिव्हर्सिटीची टीम हरेचना. दर शनिवारी सगळी मराठी मंडळी डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये जमायची. डॉक्टरकाका हाडांचे डॉक्टर. टीममधल्या पोरांचे घोटे आणि गुडघे त्यांच्याच हाताखालून जायचे, त्यामुळे भाव काय विचारता! डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून आणलेला चिवडा, बटाटेवडे आणि आरडाओरडा. रेफ्रीला पुणेरी शिव्या वेगळ्या, नागपुरी वेगळ्या. आणि एकदाची फायनल जिंकली. बाबा सोफ्यावर चढून नाचले, मी त्यांना धोतर सांभाळायला सांगत होते, डॉक्टरकाका चक्क रडत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आपलं गाव जिंकलं की येतं हो.

पाठोपाठच पाडवा आला. चर्चचा हॉल भाड्याने घेऊन मंडळाचा कार्यक्रम ठरला, आणि त्यातच आमच्या लेकीचं पाटीपूजन करायचं असं बाबांनी जाहीर केलं. भारतातून येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून त्यांनी लाकडी चौकटीची पाटी आणली होती. पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, आणि कुणातरी विद्वान माणसाने पोराचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं, ही बाबांच्या घरची रीत. ज्याचा हात, त्याची विद्या उतरते म्हणे.

डॉक्टरकाकांनी प्रमुख पाहुणे म्हणून थेट कोचलाच बोलावलं. कोचला वेळ नव्हता. त्याने आपल्या जागी टीमचा स्टार खेळाडू पाठवला. हॉलच्या दारातून तो वाकून आत आला तेव्हा पोरंसोरं सोडाच, आमची म्हातारी माणसंसुद्धा सही घ्यायला धावली.

आणि बाबांच्या डोक्यात आलं. म्हणाले, "पाटी याच्या हातून."

"बाबा, तुम्ही स्वतः हेडमास्तर," आमचे हे हळूच म्हणाले. "तो चेंडू खेळणारा मुलगा आहे."

"विद्यार्थी आहे तो! आधी विद्यार्थी. कॉलेजात शिकतोय, वर चॅम्पियन. सरस्वती आणि पराक्रम एका हातात कुठे मिळतात? मी काय, घरका मास्तर."

आता हे फक्त आपल्याच लोकांना सुचू जाणे. कॉलेजात आहे म्हणजे शिकलेला आहे, यावर आपला केवढा विश्वास! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट टाळ्या पडल्या. तो बिचारा कसाबसा मांडी घालून बसला, लेकीची मूठ त्याच्या पंजात पार नाहीशी झाली, आणि त्याने सावकाश एक अक्षर काढलं. स्वतःच्या सहीतलं पहिलं. "वा, आपलंच अक्षर दिलं!" असं सगळे कौतुकाने म्हणाले.

जेवणं सुरू झाली. आमची लेक ठमी त्याला सोडायला तयार नाही. आपलं अस्वलाचं पुस्तक घेऊन त्याच्या मांडीवर चढली, "रीड इट!" त्याने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागला. अस्वल मासे धरायला नदीवर जातं वगैरे. ठमीला पुस्तक तोंडपाठ.

"नो! इट डझंट से दॅट!"

तो हसला. पान उलटलं, पुढे सांगायला लागला. ही बया पुन्हा ओरडली, "यू आर नॉट रीडिंग!" अख्खा हॉल खो खो हसला. मीही हसले, आणि हसता हसता बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. हातातली श्रीखंडाची वाटी कलंडून अंगरख्यावर ओघळ आला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्याला वाचता येत नाही."

"काहीतरीच काय, बाबा!" हे वैतागले. "थर्ड इयरला आहे तो. युनिव्हर्सिटीत!"

"डोळे ओळीवरून सरकत नव्हते. चित्रावर होते. पहिलीतली पोरं करतात तसं करत होता. जन्म गेला माझा त्यात."

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ. पण बाबांचा आवाज खूळ लागलेल्याचा नव्हता. ज्या गावात एवढी मोठी लायब्ररी, जिथे माझा नवरा पोटाला चिमटा काढून शिकायला आला, तिथे एक मुलगा कॉलेजात आहे आणि त्याला लिहिलेलं वाचता येत नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात तोच. डॉक्टरकाकांकडून पत्ता घेतला म्हणाला. आत आला, बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हाला कळलं. मी पाहिलं तुमच्याकडे." बाबा फक्त "हो" म्हणाले. मग तो गयावया करायला लागला. कुणाला सांगू नका, सर. बाहेर कळलं तर टीममधून काढतील, पुढे प्रोफेशनल टीममध्ये घ्यायचे ते घेणार नाहीत, आईने सगळी आशा माझ्यावर ठेवलीय.

बाबा एकदम कडाडले, "पण तुला पास केलं कुणी?"

"सगळ्यांनीच," तो म्हणाला.

मी चहाला आधण ठेवत होते. मग त्याने सगळंच सांगितलं. शाळेत असताना खेळायचा चांगला म्हणून दर वर्षी वर ढकलत गेले. कॉलेजात निबंध दुसरेच लिहून द्यायचे, परीक्षेचंही कुणीतरी बघून घ्यायचं. याने फक्त सही करायची. तेवढी मात्र त्याने घोटून घेतली होती.

"आणि कोच सर? त्यांना माहीत आहे?"

त्या पोराने बाबांकडे असं पाहिलं, जणू लहान मूल बाबाच आहेत. "त्यांनीच तर सगळं लावून दिलं, सर."

बाबा खाली बसले. मला वाटलं, हार्ट ॲटॅकच येतोय. ज्याला बघून हा माणूस उठून उभा राहायचा, तो मेला असला निघाला! माझ्या तोंडून अशी शिवी गेली की बाबांसमोर आधी कधी गेली नव्हती, आणि बाबा मला काही बोललेसुद्धा नाहीत.

मग त्याला म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. शब्द देतो. पण तू रोज इथे यायचं."

आणि यायला लागला की तो! रोज दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे दोघं बसायचे. एवढाल्या गुडघ्यांनी टेबल उचललं जायचं. बाबा अमरावतीच्या इंग्रजीत ओरडायचे, "बोट ठेव! बोट ठेवल्याशिवाय वाचायचं नाही!" आणि तो निमूट बोट ठेवायचा. एक दिवस त्याने कपाटातल्या डब्यावरचं 'सॉल्ट' आपणहून वाचलं आणि अशी काही आरोळी ठोकली की फायनलच्या दिवशी तेवढी ठोकली नसेल. मी त्या दिवशी त्याला साजूक तुपातला शिरा केला. हे घरी यायच्या आत तो निघून जायचा, कारण बाबांनी शब्द दिला होता म्हणजे मुलालाही सांगायचं नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या मंडळाला ठाऊक, पण ही गोष्ट भिजली. छोटे छोटे शब्द त्याला जमायला लागले होते. बाबा म्हणायचे, "उन्हाळा संपेपर्यंत पेपर वाचेल बघ."

आणि पेपरातच आलं. सकाळी उठून बघते तो पहिल्या पानावर त्याचा भलामोठा फोटो. चॅम्पियन टीमचे निबंध कोण लिहायचं, मार्क कोण वाढवायचं, सगळं चव्हाट्यावर. आणि स्टार खेळाडूला वाचता येत नाही, हेही. त्याच्या नावानिशी, अख्ख्या गावाला. मी पेपर तसाच बाबांसमोर नेऊन ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये सगळे जमले, मयताला जमतात तसे. कोच टीव्हीवर आला. मला यातलं काही माहीत नव्हतं, मला स्वतःला जबर धक्का बसलाय, असं चेहरा पाडून म्हणाला. या वेळी बाबा बसूनच होते.

"अरे यार, कप तर आपल्याकडे आहे ना!" डॉक्टरकाका म्हणाले. "सगळ्याच युनिव्हर्सिट्या हे करतात. आपली सापडली, एवढंच."

"कप घ्या आणि चाटा!" बाबा ओरडले. "त्या पोराचं काय?"

कुणीतरी चिवड्याचा बाऊल पुढे सरकवला. आम्ही तिथून उठून आलो, आणि मग मात्र बाबांनी ह्यांना सगळं सांगितलं. आता लपवायला उरलं काय होतं?

त्या मुलाची स्कॉलरशिप गेली. तो येईल म्हणून बाबा रोज दुपारी टेबलाशी बसायचे. आला तो एकदम जायच्या दिवशी. बाहेर गाडीत त्याचं सामान भरलेलं. मी म्हटलं, "आत ये ना." आला नाही. पायरीवर उभं राहून बाबांना म्हणाला, "तुम्ही सांगितलंत."

"मी?" बाबा म्हणाले.

"मी तुमच्याकडे शिकायला येतो हे फक्त असिस्टंट कोचला सांगितलं होतं. तो म्हणतो, त्या इंडियन म्हाताऱ्यानेच पेपरवाल्यांना सांगितलं. टीमबाहेर दुसऱ्या कुणाला माहीत होतं?"

बाबा आत धावले. या वयात त्यांना असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो पेपर घेऊन आले. "हे बघ! इथे छापलंय! तुमचे निबंध लिहून देणाऱ्या ट्यूटरने सांगितलंय. त्याचं नाव दिलंय, त्याचा फोटो आहे आत. मी कशाला सांगू? वाच! तूच वाच!"

शब्द तोंडातून गेला आणि बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पेपर हातात घेतला. बारीक टायपाच्या त्या लांबच लांब ओळी. त्याने बोट ठेवलं. एक शब्द लागला असावा, ओठ हलले. मग बोट थांबलं आणि नजर वरती सरकली, स्वतःच्या फोटोवर.

बाबांनी त्याचा हात धरला, त्याचं बोट पुन्हा ओळीवर आणलं आणि एकेक शब्द सावकाश, स्पष्ट वाचून दाखवला. ट्यूटरचं नाव, तो काय म्हणाला, कधीपासून लिहून देत होता. पुरा परिच्छेद वाचला. त्या मुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकायची सवयच होती त्याला.

मग म्हणाला, "तिथे हेच लिहिलंय, हे मला कसं कळणार, सर? आजवर सगळ्यांनी मला वाचूनच दाखवलंय."

रागावला नव्हता तो. खरोखर विचारत होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, त्याचं बोट अजून त्यांच्या हातात होतं. त्याने ते हलकेच सोडवून घेतलं, पेपर बाबांना दिला आणि गाडीत जाऊन बसला.