विकत घेतलेल्या पुस्तकाची चोरी

त्या माणसानं माझ्या कानावरचा हेडफोन ओढून काढला. वायरीत माझे केस अडकले होते, तेही ओढले गेले.

"बास झालं ऐकणं," तो म्हणाला. "हे चोरीचं आहे."

भोरमधला सलीमभाईंचा कॉम्प्युटर क्लास. सकाळची वेळ. पोरंपोरी शिकत बसलेली. सगळ्यांची कीबोर्डवरची टकटक एकदम थांबली, तेव्हा मला कळलं की सगळे माझ्याकडे बघताहेत. मी लहानपणी गोवरात डोळे गमावलेली. लोकांचं बघणं मला ऐकू येतं.

तो पुण्याच्या एका प्रकाशकाचा माणूस होता. सोबत पोलीस आणलेला.

"आंधळ्यांच्या नावावर काय काय धंदे चालतात बघा," तो पोलिसाला म्हणाला. मला नाही, पोलिसाला. मी समोर बसलेली असताना. तसं हे मला नवीन नव्हतं. एसटीत लोक माझ्या वडिलांना, आबांना, विचारायचे, "हिला कुठं उतरायचंय?" जणू डोळ्यांबरोबर माझी जीभही गेली होती. पण चोर मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

काय चोरलं होतं मी, ते सांगते.

आमची वाडी वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या पुढे. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. ब्रेलची पुस्तकं आमच्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत. पण वाडीत एसटी मुक्कामाला असायची. आई ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला वाढायची आणि जेवणं झाली की आबा कंडक्टरपुढे माझं पुस्तक आणि टेपरेकॉर्डर ठेवायचे.

"मास्तर, येवढा धडा वाचा की पोरीसाठी."

कंडक्टर वाचायचा. आधी स्वतःचं नाव, मग डेपो, मग पुस्तकाचं नाव, मग धडा. हा आबांचा हट्ट. "कुणी वाचलं त्ये पोरीला कळाय पायजे. उपकार इसरू न्हाई." एक कंडक्टर तर पूर्णविराम आला की तोंडानं घंटी द्यायचा. टिंग टिंग. अख्खं इतिहासाचं पुस्तक मी असं पाठ केलं, आणि परीक्षेत उत्तर सांगतानाही मधेच टिंग म्हणाले. लेखनिक मुलगी हसून लोटपोट झाली.

अशी शिकले मी. दहा जणांच्या तोंडातून. पुस्तक मोठ्यानं वाचायला कुणाची परवानगी लागते, हे आमच्या वाडीत कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग भोरला कॉलेज. इंग्रजीला जे पुस्तक नेमलं होतं, त्याच्यासोबत तेच पुस्तक भरलेली सीडी आली होती. आबांनी दुकानात जाऊन ते नवंकोरं विकत घेतलं. सलीमभाईंच्या क्लासात एक बोलणारं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर इंग्रजीत जे असेल ते वाचून दाखवायचं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता कुणाच्या जेवणाची वाट बघायला नको. कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत. हवं तेव्हा हवा तो धडा, आणि तोही मला एकटीला.

सीडी घातली. यंत्र एकच शब्द बोललं. "प्रोटेक्टेड." पुन्हा दाबलं. "प्रोटेक्टेड."

"कुलूप घातलंय वो त्याला," सलीमभाई म्हणाले. "डोळ्यानं वाचता येतंय. कॉपी न्हाई, प्रिंट न्हाई. तुमचं बोलणारं सॉफ्टवेअर बी त्याला चोरच वाटतंय."

डोळे असलेल्याला पुस्तक उघडं. मला बंद. दोघांनी पैसे तेवढेच मोजलेले. मी तिथंच रडले. लाज वाटली, तरी रडले.

सलीमभाईंनी कुलूप काढलं. कसं ते मला कळलं नाही, पण खूप दिवस खटपट करत होते. ते फक्त माझ्यासाठी नव्हतं. त्यांची धाकटी बहीण रुखसाना, तीही माझ्यासारखीच. कापूरहोळला फाट्यावर त्यांच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान, मागच्या बाजूला घर. ती बाहेरून परीक्षेला बसायची, तिलाही हाच पेपर. रोज भोरला पाठवायला अब्बा तयार नव्हते. म्हणून यंत्र वाचायचं, ते सलीमभाई सीडीवर भरायचे आणि रुखसाना घरी ऐकायची. धडे सावकाश तयार होत होते. शेवटचे काही राहिले होते.

सीडीच्या सुरुवातीला सलीमभाईंनी काय बोलायचं ते मी सांगितलं. आमच्या घरची रीत. पुस्तकाचं नाव, प्रकाशनाचं नाव, आणि मग, "कुलूप काढून भरून देणार, सलीम, कॉम्प्युटर क्लास, भोर." ती सीडी रुखसानाकडून पुण्याच्या वसतिगृहातल्या मुलींकडे गेली. त्या पण आंधळ्याच. त्यांच्याकडून आणखी कुठे, आणि शेवटी प्रकाशकाच्या टेबलावर. त्याला शोधायचे कष्टच पडले नाहीत. चोरानं नावगाव सांगितलेलं होतं.

"स्वतःच्या तोंडानं कबुली दिलीय यांनी," तो माणूस हसत पोलिसाला म्हणाला. उपकार मानणं त्याला कबुली वाटली.

मी पिशवीतून पुस्तक काढून पुढे धरलं. "हे मी विकत घेतलंय. पावती आहे. मला का वाचता येत नाही?"

"तो आमचा प्रश्न नाही."

एवढंच बोलला. शब्द न शब्द लक्षात आहे माझ्या.

मग त्यानं माफीनामा वाचून दाखवला. आम्ही चोरी केली, पुन्हा करणार नाही. सलीमभाईंनी सही केली. क्लासवर त्यांचं घर चालत होतं, मी त्यांना बोल लावत नाही. मग पोलीस म्हणाला, "बाईचा आंगठा घ्या." शाईच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी माझं मनगट धरलं. मी मूठ आवळली.

तेवढ्यात दाराकडून आबांचा आवाज. मला सोडून ते बाहेर पायरीवर बसायचे. "सायेब, चुकली पोर. येक डाव माफी करा. म्या पाया पडतो तुमच्या."

आवाज खालून येत होता. जमिनीजवळून.

मी मनगट सोडवून घेतलं. खुर्च्यांना धडकत, चाचपडत आवाजाकडे गेले. खाली वाकले. माझ्या हाताला त्यांचे जोडलेले हात लागले.  ह्याच हातांनी त्यांनी कितीतरी कंडक्टरांपुढे पुस्तक धरलं होतं, पण तेव्हा ते असे जोडले नव्हते. ती विनंती होती. ही लाचारी होती, आणि ती माझ्यामुळे नाही, त्या कुलपामुळे होती. माझ्या आत काहीतरी तुटलं आणि त्याच वेळी काहीतरी ताठ उभं राहिलं.

मी ते हात एकमेकांपासून सोडवले.

"आबा, उठा. आपण चोरी केली नाही." मग त्या माणसाच्या बाजूला तोंड केलं. "मला सही येते. पण ह्या कागदावर करणार नाही. आंगठाही देणार नाही. करा केस."

 मग पोलीसच म्हणाला, "जाऊ द्या साहेब. आंधळी आहे बिचारी."

बिचारी! चोर म्हणाले तेव्हा लागलं नाही तेवढं हे लागलं. चोराला निदान माणूस तरी धरतात.

यंत्रं घेऊन गेले. सीड्या घेऊन गेले. माझं विकत घेतलेलं पुस्तकही घेऊन गेले, पुरावा म्हणून.   इंग्रजीत मी नापास झाले. पुढच्या वर्षी, जेवढे धडे ऐकले होते तेवढ्यावरच, पुन्हा बसले आणि सुटले, कशीबशी.

रुखसाना परीक्षेला बसलीच नाही. पोलीस सीड्या शोधायला कापूरहोळलाही गेले होते. फाट्यावर चहाला थांबलेली सगळी माणसं बघत होती. अब्बांनी त्या दिवशी तिचं शिक्षण बंद केलं. वर्षभरात लग्न लावून दिलं.

मी एकदा तिच्या सासरी, तेही हायवेलगतच, तिला भेटायला गेले. तिनं माझे हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. मग हळूच विचारलं, "ताई, त्या पुस्तकात शेवटचा धडा कोणता होता वो?"

मला माहीत नव्हतं. मीही ऐकला नव्हता.  बाहेर हायवेवर ट्रक जात होते. निघताना ती म्हणाली, "परत आलात तर पुस्तक नका आणू ताई. घरात भांडणं व्हत्यात."

पुढे कायद्यात आमच्यासाठी, पुस्तक ऐकण्याजोगं करून घ्यायची मुभा देणारं, एक कलम आलं म्हणतात. आलं असेल. रुखसानाचं शिक्षण त्या कलमानं परत आलं नाही. आबा कुणाच्यातरी पायाशी वाकले, तेही पुसलं गेलं नाही. आणि कुलपं अजून बाजारात आहेत, पहिल्यापेक्षा पक्की.

म्हणून एकदाच सांगते. पुस्तक मी विकत घेईन. पैसे पूर्ण मोजीन. त्याला कुलूप असेल तर तोडीन, दिवसाढवळ्या, दार उघडं ठेवून. जिला दिसत नाही अशा प्रत्येकीला ते ऐकवीन. ज्याला केस करायची त्यानं करावी. माझ्या घरातला कुणी पुन्हा त्याच्यापुढे वाकणार नाही.