विमानात जागा होती

बाबा गेले तेव्हा इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला सकाळ होती. मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते आणि नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबा गेले. उद्या सकाळी नेतोय. तुझ्यासाठी ठेवत नाही, आई नको म्हणते. पण तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला तू हवीस, एवढंच म्हणतेय ती." मी हो म्हटलं.

मग तिकिटं बघायला बसले. लंडनमार्गे दोन होती. एकात लंडनला अडीच तास थांबायचं होतं. त्यानं मी तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले असते. दुसऱ्यात लंडनला अख्खा दिवस आणि रात्र. मी दुसरं घेतलं. पहिल्यात जागा होती. हे वाक्य लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं आहे.

भावाला कळवलं, "सीट नाही मिळाली, लंडनच्या विमानतळावर दिवस काढावा लागेल, चौथ्या दिवशी पोचते." तो म्हणाला, "ठीक आहे, टेन्शन घेऊ नकोस."

राखेत हात घालायची भीती वाटली असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला पोचायचंच नव्हतं. कुणीही मला काही विचारणार नाही, असा एक दिवस मला हवा होता.

कॉलेजातली एक मैत्रीण लंडनजवळ राहते. ती विमानतळावर न्यायला आली. तासाभरावर एक जुनं बाजाराचं गाव आहे, तिकडे जाऊ म्हणाली.

"सुतकात आहे गं मी."

"लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं असतं. त्यातला एक तू विमानात संपवलास. इथे खुर्चीवर बसून काय दिवे लावणार आहेस? चल, बस गाडीत."

दुसऱ्या तिकिटाचं तिला ठाऊक नव्हतं. मी गाडीत बसले.

त्या दिवशी गावात बाजार होता. मधल्या चौकात कित्येक शतकं तो भरत आला आहे म्हणे. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडांखाली मातीसकट भाज्या मांडलेल्या, आणि चीजवाला सुरीच्या टोकावर तुकडा धरून येणाऱ्याजाणाऱ्याला चव देत होता. भोवतीची घरं काळ्या तुळयांची, एकमेकांवर रेललेली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी जिन्याच्या पायरीवर बसून बागांविषयीचं एक पुस्तक तासभर वाचलं. दुकानदारीणबाईंनी न विचारता माझ्या मागचा दिवा लावून दिला. नंतर चहाबरोबर जॅम आणि साय लावलेले दोन स्कोन खाल्ले. नदीवर दगडी पूल होता, खाली बदकं होती. सवयीनं मी फोटो काढत गेले. काठावरच्या बाकावर ऊन आलं आणि मला मैत्रिणीच्या खांद्यावर झोप लागली.

तो दिवस फार छान गेला. तो वाईट गेला असता तर आज मला इतकी लाज वाटली नसती.

नागपुरात तिसऱ्या दिवसाची सकाळ झाली, भाऊ घाटावर गेला, तेव्हा मी मैत्रिणीच्या घरी तिच्या मऊ पांघरुणात होते.

एक गोष्ट मी साफ विसरले होते. दोन वर्षांपूर्वी आईबाबांना मी एक डिजिटल फोटोफ्रेम नेऊन दिली होती. मी फोनवर काढलेला प्रत्येक फोटो आपोआप त्यांच्या हॉलमध्ये उमटायचा. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "आज लेकीकडे बर्फ आहे." भेटायला येणाऱ्यांसाठी त्याच हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या होत्या.

चौथ्या दिवशी मी पोचले. आईच्या गळ्यात पडून रडले, आणि ते रडणं खरं होतं. डोळे पुसून बसले तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "काय गं, विमानतळावर बदकंही असतात का हल्ली?"

कुणी हसलं नाही. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "जुने फोटो आहेत ते. सांगितलं ना मी मघाशी. त्या यंत्राचं काय, कधीचंही दाखवतं." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"हो काकू, जुनेच आहेत," मी म्हटलं. तिथे थांबायला हवं होतं. पण काकू अजून बघत होत्या, म्हणून मी पुढे म्हटलं, "बाबांना तो पूल फार आवडला होता."

आई उठली आणि आत गेली. तेराव्यापर्यंत ती माझ्याशी नीट वागली, जेवायला वाढलं, निघताना डबा बांधून दिला. फोटोंविषयी एक शब्दही नाही. मी फोनमधून ते पुसून टाकले, म्हणजे फ्रेममधूनही गेले. एका अर्थी ते तिसरं खोटं झालं.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. गेल्या रविवारी आई फोनवर सामानाची यादी सांगत होती. मी मध्येच म्हटलं, "आई, त्या वेळी आधीच्या विमानात जागा होती. मीच घेतलं नाही ते."

मला वाटलं, आता रागावेल. रागवावं असंच वाटत होतं मला.

"फोटो पाहिले तेव्हाच मला शंका आली होती," ती म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "त्याला सांगू नकोस. एकटा गेला होता तो घाटावर. तुझ्या नावानं चार अस्थी त्यानंच उचलल्या. ताईला जागा मिळाली नाही, असं गुरुजींना सांगून."

तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला आणि आईनं फोन त्याच्या हातात दिला.

"ताई, कधी पोचतेस सांग. सुट्टी टाकतो, घ्यायला येतो."

मी त्याला दिवस आणि वेळ सांगितली. त्यानं ती पुन्हा एकदा म्हणून दाखवली, बरोबर आहे ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे.