निळ्या बोटांचा माणूस

सात रस्त्याजवळच्या दुकानात आम्ही दोघं प्रिंटर घ्यायला गेलो. मला शिकवणीचे पेपर छापायला लेझर हवा होता; बायकोला नातीच्या फोटोंसाठी रंगीत इंकजेट. आमचा वाद ऐकून निळ्या बोटांचा दुरुस्तीवाला हसत उठला.

"वैनी, फोटो रोज छापनार काय?"

"छे, सणावाराला."

"मग शाई वाळून बसती की. लेझर न्या. फोटो मी हितं काढून देतो."

लगेच त्यानं तिच्या मोबाइलमधला फोटो छापला, कडेनं धरून फुंकर घातली आणि आधी स्वतःच कौतुकानं पाहिला.

आम्ही लेझर घेतला. तरी सण आला की बायको त्याच्याकडं जातेच. परवा फोटो देताना तो म्हणाला, "दात आलाय की हिला."

तो फोटो आम्ही दहादा पाहिला होता. दात मात्र त्यालाच दिसला.