लागूमास्तर आणि सातवं पाकीट

बरोबर उत्तराला निम्मेच मार्क देणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. हौदाला दोन तोट्या, एक भरते, एक रिकामा करते, हे उदाहरण पोरांनी अचूक सोडवलं की ते विचारत, "दुसरी तोटी बंद काहून नाही केली?" ज्याला यावर काही सुचे त्यालाच पूर्ण मार्क. 'हे कोठं लागू पडते?' हा त्यांचा रोजचा प्रश्न. म्हणून अमरावतीच्या आमच्या शाळेत त्यांचं नाव लागूमास्तर पडलं. मी त्यांच्या हाताखाली खालच्या वर्गांना गणित शिकवत असे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. गावातल्या एका वकिलांनी व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या गणितासाठी दरसाल एक पदक ठेवलं. निवडीला तिघांची समिती: अध्यक्ष आमच्या शाळेच्या मंडळाचेच रावसाहेब, दुसरे नागपूरचे एक प्रोफेसर, तिसरे लागूमास्तर. मी चिटणीस. निबंधावर फक्त नंबर. नाव मोहोरबंद पाकिटात, आणि निवड झाल्याशिवाय ते फोडायचं नाही. हा नियम मास्तरांनीच हट्टाने घालून घेतला होता.

त्या साली नऊ निबंध आले. पुलाच्या कमानीवरचा तिसरा निबंध सुंदर इंग्रजीत होता आणि प्रोफेसरांच्या मनात भरला होता. सातवा निबंध म्हणजे मोडीत लिहिलेले चार कागद. विषय विहिरीचा. गाठी मारलेला दोर सोडून, आणि तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यात किती वेळात बुडते त्यावरून वेळ धरून, विहीर कशी भरते याचं कोष्टक केलेलं होतं. पाणी खोल गेलं की झरे जोरात येतात, वर चढलं की मंदावतात. म्हणून विहीर पूर्ण भरायची वाट पाहू नये, ठरलेल्या गाठीला पाणी आलं की मोट जुंपावी. दिवसाकाठी पाणी जास्त मिळतं.

"हा अनुभव झाला. गणित नव्हे," असं म्हणून रावसाहेबांनी ते कागद बाजूला सारले.

"अनुभवाचं कोष्टक मांडलं, त्यातून नियम काढला, तं त्याले काय म्हनाचं मंग?" मास्तरांनी विचारलं. "आठ दिवस द्या. मी करून पाहतो."

तिवशाला त्यांच्या मेहुण्यांची विहीर होती. आम्ही दोघे तिथे गेलो. दोन दिवस जुन्या रीतीने मोट चालवली, दोन दिवस सातव्या नंबरच्या. बैल तेच, माणूस तोच, आणि रोज सकाळी पाणी एकाच गाठीवर आहे याची खात्री करूनच सुरुवात. नव्या रीतीने दोन्ही दिवस जास्त वाफे भिजले. कोष्टकात एके ठिकाणी चूक निघाली. तीही मास्तरांनी टिपून घेतली. वाटेत मी म्हटलं, "पाकिटं माझ्याजवळच आहेत. सातवं फोडून नाव सांगू?" ते चालता चालता थांबले. "मले सांगू नोको. नाव समजलं की हिसाब बिघडते."

मास्तरांच्या नोंदी प्रोफेसरांनी दोनदा वाचल्या आणि म्हणाले, "माझं मत सातव्याला." दोन विरुद्ध एक. मी पाकीट फोडलं. आत नाव होतं पार्वताबाई, मुक्काम बार्शीटाकळी, धंदा भाजीपाल्याचा मळा. लिहून मुलीने दिलं होतं.

रावसाहेबांनी नावाचा कागद पालथा ठेवला. मग म्हणाले, "कमिशनरसाहेबांच्या हातून पदक देणार आहोत आपण. भाजीवालीला? चिटणीस, योग्य निबंध आला नाही, असं लिहा."

माझा टाक थांबला. नोकरी त्यांच्याच हातात होती. मास्तर शांतपणे म्हणाले, "जे झालं थे लिही. न झालेलं लिहाले चिटणीस कायले पायजे?" मी झालं तेच लिहिलं. त्याखाली मास्तरांनी सही केली, प्रोफेसरांनी केली. रावसाहेबांनी केली नाही.

समारंभात त्यांनी जाहीर केलं की यंदा पदक कोणालाच नाही. मास्तर मधल्या रांगेतून उठले आणि त्यांनी इतिवृत्ताची नक्कल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. "खाली बसा," असं दोनदा सांगण्यात आलं. त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि मगच बसले.

महिन्याभरात शाळेने आम्हा दोघांना काढलं. आम्ही अकोल्याला गेलो आणि मिळेल त्या शाळेत लागलो. मास्तर अखेरपर्यंत तिथेच शिकवत राहिले. आता ते नाहीत. पण कोणी माझ्यासमोर तयार कागद ठेवून सही मागितली, की तो मी आधी पूर्ण वाचतो. आणि न झालेलं काही त्यात असलं तर परत करतो. यात पुढे माझ्या दोन नोकऱ्या गेल्या. त्याचं मला काही वाटत नाही.

अकोल्याला गेल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही बार्शीटाकळीचा तो मळा शोधत गेलो होतो. पार्वताबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मास्तरांनी सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. आधी कोष्टकातली चूक दाखवली, ती त्यांनी लगेच ओळखली. मग पदकाचं सांगितलं.

"मंग गनित बरोबर होतं ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होतं, बाई. मी सोता करून पाह्यलं."

त्यांनी जुडी टोपलीत ठेवली. "तं मंग पुढच्या साली दुसरं धाडतो. या वक्ती नाव पाकिटात नाही कोंबत. कागदाच्या वरतंच लिहितो. पाहू द्या त्यायले आधीच."

नाव न कळण्याच्या नियमासाठी भांडलेले हेच मास्तर.

"लिहा, बाई," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिहा."