नावाखालची पट्टी

"डब्बा दिला ना तुमच्या विहाराले? आता वायर बी आमीच देऊ का? मागायची सवयच लागली तुमच्या लोकाईले."

पांढुर्ण्यातल्या संत्र्याच्या गोदामात, सगळ्यांसमोर शेठ हे बोलला. मी तिथंच संत्री छाटायची; वायर मीच मागितली होती. मान खाली घातली आणि उरलेला ढीग छाटला. बाजूच्या बाया हसल्या नाहीत.

आमच्याकडे दान दिलं की वस्तूवर नाव लिहायची रीत आहे. विहारातल्या पंख्याच्या पात्यावर शेठच्या बापाचं नाव गरगर फिरतं. शेठच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर, जाड पुस्तकाएवढा उभा डब्बा, तोही तेच नाव रंगवून आला. हार घातला, फोटो काढला. वायर नाही, माहितीचा कागद नाही. मोहल्ल्यातल्या मुलींना टायपिंगच्या परीक्षेला बसायचं होतं. रोज विचारायच्या, "ताई, कधी चालू होते?"

कामावरून आले की अंग आंबून जायचं. तरी त्या डब्ब्यापुढं बसायची. घरच्या सेट-टॉप बॉक्सचं अडॅप्टर लावून पाहिलं. दिवा लागला, विझला. किती व्होल्ट लागतात ते डब्ब्यावर चिकटवलेल्या कंपनीच्या पट्टीवर असतं, एवढं ठाऊक होतं. पट्टीच दिसेना. शेवटी बोट फिरवलं, तर नावाखाली कडा लागली. पेंटरनं पट्टीवरच ऑइलपेंट फासला होता.

विहाराचं पाहणारे आबाजी घाबरले. "नाव नको खरडू बाई. तुयं काम जाईन."

भीती मलाही वाटली. खोटं कशाला सांगू? पण ब्लेड घेतलं. आधी 'कैलासवासी' गेलं. मग नाव. मग आडनाव. पट्टीवरची काही अक्षरंही गेली, पण आकडा वाचला. एकोणीस व्होल्ट.

सौसरच्या भंगारवाल्या कबाड्याकडून जुन्या लॅपटॉपचं अडॅप्टर आणि कीबोर्ड आणला. विहारातल्या टीव्हीला डब्बा जोडला. पडदा उजळला. मुली ओरडल्या. मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते, दमले होते मी.

शेठ पाहायला आला. "नाव कुठं गेलं?"

"मी खरडलं."

"पुन्हा लिहून घे. नाई तं उद्यापासून कामावर येऊ नको."

"नाई लिहीत, शेठजी."

आता सावरगावकडे कापूस वेचायला जाते. पाठ मोडून येते. संध्याकाळी विहारात टेकते. मुली टायपिंग करून राहतात, वर पंखा फिरतो. त्यावर ते नाव अजून आहे. आबाजींकडून शिडी मागून आणली आहे. उद्या पंखा बंद करून तेही खरडणार आहे.