समोरचीची ओळ

थोरलीचं बोलणं ऐकून नवा माणूस हमखास गोंधळायचा. ती वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. भाजीवाल्याला म्हणायची, "भेंडी तुझी हिरवीगार दिसते खरी, पण..." आणि थांबायची. तो बिचारा वाट बघतोय, ही वाट बघतेय, मागे रांग लागलीय! शेवटी तिचा नवरा पुढे होऊन भाजीवाल्याला सांगायचा, "अहो, पुढचं तुम्ही बोलायचं असतं. लाँड्रीतली आहे ती."

इस्पितळाच्या लाँड्रीत सगळ्याच बायका अशा बोलत. त्याला कारण चादर. तिथली चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, झटका देऊन ताणायची, मग चार पावलं जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा मिळवायचा. दिवसाला चारशे चादरी! नुसतं हेच करत राहिलं तर डोकंच फिरायचं. म्हणून ताणताना एकीने ओळ टाकायची आणि जवळ येता येता दुसरीने ती जुळवून द्यायची. उत्तर आधी ठरवायचं नाही, आणि कालचं उत्तर आज चालायचं नाही. या बायकांना कुणी कवी म्हटलं असतं तर त्यांनी त्यालाच पिळून वाळत घातला असता.

थोरलीच्या समोर एकोणीस वर्षं तिची धाकटी जाऊ उभी होती. पाय एका जागी ठरत नसत म्हणून सगळी लाँड्री तिला भिंगरी म्हणे.

"मुकादम येतो गं, मिशीला पीळ," थोरली म्हणायची.

"मिशी त्याची धुवायची, घाला थोडी नीळ!" भिंगरीचं उत्तर तिथल्या तिथे तयार. एकदा मुकादम खरोखरच मागे उभा होता. तोही हसला, काय करतो!

आणि अशा या दोघींमध्ये आता तीन महिने अबोला होता.

झालं होतं असं, की लाँड्रीत घडी घालायचं मशीन आलं. मशीनवर एकीलाच जागा. मुकादमाने थोरलीला विचारलं, "तुम्ही शिकाल ना? मग भिंगरीला खाली इस्त्रीखात्यात पाठवतो." थोरलीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती बाई नेमकी तेव्हा मूग गिळून बसली. पाच पावलांवर भिंगरी चादरीचे दोन कोपरे धरून उभी होती. तिने कोपरे सोडले आणि जिना उतरून गेली.

घर एकच, मध्ये एक भिंत. "अहो, सांगा पलीकडे, पिठाचा डबा भरून ठेवलाय." लगेच पलीकडून, "सांगा त्यांना, आमचे हात मोडलेले नाहीत." दोघे भाऊ निरोप वाहून वाहून मेटाकुटीला आले होते.

थोरलीला करमेना. मशीन गुपचूप घड्या टाकायचं. ती सवयीने ओळ टाकायची, आणि मशीन फक्त घरघरायचं. घरघरण्याला काय यमक जुळवणार, कपाळ!

म्हणून ती रविवारी सकाळी वस्तीच्या वाचनालयात कवितेच्या वर्गाला जाऊ लागली. तिथल्या ग्रंथपाल बाई वस्तीतल्या लोकांच्या कवितांचं पुस्तक काढणार होत्या. बाई सांगत, "आम्ही कोण, आम्ही कोण, असं ओरडू नका. तुमच्या घरात, तुमच्या कामावर माणसं कशी बोलतात, तीच चाल कवितेत आणा. कुणी तेच तेच पुन्हा म्हणत असेल, कुणी मध्येच थांबत असेल, तर तसंच लिहा. तुम्ही कोण ते आपोआप कळतं." पोस्टमनने नुसत्या पत्त्यांची कविता केली होती. पाडलेल्या घरांचे पत्तेही तो त्यात ओळीने म्हणत गेला, आणि ऐकताना चार जणांनी डोळे पुसले.

थोरलीने आपला कागद दिला. बाईंनी तो उलटा करून पाहिला. एक ओळ, मग कोरी जागा. पुन्हा एक ओळ, पुन्हा कोरी जागा.

"अहो, निम्मी कविता कुठाय?"

"ती माझी नाही," थोरली म्हणाली. "ती समोरचीची."

"मग तुम्हीच भरा की ती."

"अशी कशी भरू? स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून हसू येतं का?"

तरी तिने घरी खटपट केली. नवऱ्याला समोर उभं केलं, हातात चादरीचे कोपरे दिले आणि ओळ टाकली, "चादर ही लांबरुंद, दोघींचा भार."

नवऱ्याने बराच विचार केला. "मग लहान चादर आणू या का?"

थोरलीने चादर ओढून घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसली. हसता हसता तिला रडू आलं. नवरा चांगला होता, पण भिंगरी ती भिंगरी!

पुढच्या रविवारी तिने घडलेलं सगळं बाईंना सांगून टाकलं. मशीन, मुकादम, आपलं गप्प बसणं, सगळं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "कोऱ्या ओळी पुस्तकात कोऱ्याच छापू. पुस्तक निघेल त्या दिवशी सगळे आपापली कविता म्हणणार आहेत, तेव्हा तुम्ही त्या जागी थांबा."

"थांबता येतं हो मला. पण उत्तर कोण देणार?"

"ते मी कसं सांगू? जिने द्यायचं तिला बोलवा."

निमंत्रण दोन भावांच्या हातून पलीकडे गेलं. त्याच वाटेने उत्तर आलं, "सवड नाही."

त्या दिवशी वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या. लाँड्रीतल्या बायकांनी पुढच्या दोन रांगा अडवल्या होत्या. थोरली माइकसमोर गेली. तिने वर पाहिलं, तर शेवटी दाराजवळ, पाण्याच्या पिंपापाशी, खांद्याला पिशवी लावलेली भिंगरी! हातात पेला, जशी काही बाई रस्त्याने जाता जाता फक्त तहान लागली म्हणून आत शिरलीय.

"चादर ही लांबरुंद, दोघींचा भार," थोरलीने ओळ टाकली आणि ती थांबली.

लाँड्रीतल्या बायकांच्या जिभेवर उत्तरं वळवळत होती, पण एकीने तोंड उघडलं नाही. ओळ जिच्यासाठी टाकली तिनेच उचलायची. दुसरीने मध्ये पडणं म्हणजे परक्याच्या ताटात हात घालणं. मागे कुणीतरी खाकरलं. भिंगरीने पेला पुन्हा भरला.

दुसरी ओळ, दुसरी कोरी जागा. "विसरल्या वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं. भिंगरी आता पेल्यात बघत होती.

तिसरी ओळ कागदावर मिशीची होती, हमखास हशा पिकवणारी. थोरलीने कागद खाली ठेवला. आता थट्टेच्या आडून बोलायचं नाही, जे आहे ते सगळ्यांदेखत बोलायचं. तिने सरळ दाराकडे बघून म्हटलं,

"मुकादमानं विचारलं, मी खाली मान घातली."

थोरली तशीच उभी राहिली. तिला वाटलं, एवढंही ती घेणार नसेल तर संपलं. मग पुन्हा कुणासाठी ओळ टाकायची नाही.

"एवढी लांब जीभ तेव्हा कुठे वाळत घातली?"

पिंपाजवळून आवाज आला, खणखणीत. पुढच्या दोन रांगा अशा फुटल्या की बाकीचेही काही न समजता हसायला लागले. थोरलीचा नवरा तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. थोरली स्वतः हसत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते.

पण भिंगरीचं झालं नव्हतं. तिने पेला ठेवला. आता ओळ तिने टाकली, आणि टाकताना तिचा आवाज जरा चिरकला.

"तीन महिने इस्त्री केली, बोलायला कोण?"

आता जुळवायची पाळी थोरलीची. एकोणीस वर्षांत तिला उत्तर सुचलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. तिने तोंड उघडलं. यमक नाही, चाल नाही, काही म्हणून काही आलं नाही.

"चुकले गं मी," ती म्हणाली. "ये ना इकडे."

"हे जुळलं नाही!" भिंगरी दारातून ओरडली, आणि खुर्च्यांमधून वाट काढत पुढे यायला लागली.